टनभर मँगनीज, पाव किलो इलेक्ट्रॉन

निसर्गातल्या मँगनीजच्या प्रत्येक अणूत २५ प्रोटॉन, ३० न्यूट्रॉन आणि २५ इलेक्ट्रॉन असतात. अणुरचना शिकवताना पुस्तकांत सहसा हायड्रोजन, कार्बन किंवा सोडियमचे उदाहरण घेतात. ते सोपे पडते म्हणून. विदर्भातल्या वाचकाला मात्र मँगनीज अधिक जवळचे, आणि अणूच्या आतले जवळजवळ सगळे व्यवहार त्या एकाच मूलद्रव्यावर दाखवता येतात. रामटेकजवळचे मनसर आणि कांद्री, सावनेर तालुक्यातले गुमगाव, भंडारा जिल्ह्यात तुमसरकडचे चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पुढे मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातले तिरोडी, भरवेली आणि उकवा असा सुमारे २०० किलोमीटर लांबीचा कमानीसारखा पट्टा आहे. त्यातून सव्वाशे वर्षांपासून मँगनीजचे खनिज निघते आहे. १८९६ साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झाली. पुढे ती सीपीएमओ या नावाची ब्रिटिश कंपनी झाली आणि १९६२ मध्ये तिची मालमत्ता सरकारने घेऊन ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ उभी केली. तीच आजची मॉइल. तिचे मुख्यालय नागपुरात आहे.

या पट्ट्यातल्या दगडांत मँगनीजचा अणू कुठे काळ्या भुकटीत, कुठे गुलाबी खनिजात, कुठे नारिंगी-तपकिरी गार्नेटमध्ये सापडतो. अणू तोच, तरी रूप वेगळे कसे, याचे उत्तर अणूच्या रचनेत आहे.

अणूला आणखी आतले भाग असतात हे कळायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला: ऋण विद्युतभाराचा, आणि प्रोटॉनच्या सुमारे १८३६ पट हलका कण. अणू एरवी विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, म्हणजे आत तेवढाच धन भारही असला पाहिजे. तो अणूभर पसरलेला आहे की एका जागी गोळा झालेला आहे, हा पुढचा प्रश्न होता. १९०९ मध्ये मँचेस्टरमध्ये रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक कण पत्र्यातून सरळ निघून गेले, पण फार थोडे उलट फिरून मागे आले. जड आणि वेगवान कणाला असे परतवायला समोर तितकीच ठाम वस्तू हवी. अणूचा सगळा धन भार आणि जवळजवळ सगळे वस्तुमान एका इवल्याशा केंद्रकात आहे, हा निष्कर्ष रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये मांडला. त्या केंद्रकातला भाररहित न्यूट्रॉन सापडायला मात्र १९३२ उजाडले. तो जेम्स चॅडविक यांनी शोधला.

केंद्रक किती लहान, याचा अंदाज आकड्यांतून नीट येत नाही. मँगनीजचा अणू त्याच्या केंद्रकापेक्षा सुमारे २८ हजार पट रुंद असतो. नागपूरच्या झीरो माइलच्या खांबापाशी एक लिंबू ठेवून त्याला केंद्रक मानले, तर अणूची बाहेरची कड चहूबाजूंनी अर्ध्या किलोमीटरहून थोडी लांब पडेल. या सगळ्या विस्तारात असतात ते २५ इलेक्ट्रॉन. त्यांचे वजन नगण्य असते. एक टन शुद्ध मँगनीज धातू घेतला, तर त्यातले सगळे इलेक्ट्रॉन मिळून साधारण पाव किलो भरतील. उरलेले वजन केंद्रकांचे.

तरीही रसायनशास्त्राचा सगळा कारभार त्या पाव किलोवर चालतो. केंद्रक अणूला त्याची ओळख देते. रंग, गंज, जळणे, विरघळणे, दुसऱ्या अणूशी जोडले जाणे ही सगळी इलेक्ट्रॉनांची कामे, आणि त्यांतही प्रामुख्याने सर्वांत बाहेरच्यांची.

ओळख म्हणजे प्रोटॉनांची संख्या, म्हणजेच अणुअंक. २४ प्रोटॉन असले की क्रोमियम, २५ असले की मँगनीज, २६ असले की लोखंड; अधेमधे काही नाही. आज हे सरळ वाटते, पण १९१३ पर्यंत अणुअंक हा मेंडेलीव्ह यांच्या आवर्तसारणीतला निव्वळ अनुक्रमांक होता. हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने त्या वर्षी मँचेस्टरमध्ये एकेका मूलद्रव्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यातून निघणारे क्ष-किरण मोजले. कॅल्शियमपासून तांब्यापर्यंतच्या त्याच्या मालिकेत मँगनीजही होते. पुढच्या प्रत्येक मूलद्रव्यागणिक क्ष-किरणांच्या कंप्रतेचे वर्गमूळ ठरावीक पायरीने वाढत गेले. म्हणजे अनुक्रमांकामागे अणूतली खरीखुरी मोजदाद होती: केंद्रकावरचा धन भार. कोबाल्टचे अणुवस्तुमान निकेलपेक्षा जास्त असूनही कोबाल्ट आधी का, हा जुना पेच यातून सुटला, कारण कोबाल्टचे प्रोटॉन २७ आणि निकेलचे २८. मोझलीच्या मोजणीत मोकळ्या राहिलेल्या जागांपैकी दोन, ४३ आणि ७५, आवर्तसारणीत नेमक्या मँगनीजच्या खालच्या घरांतल्या होत्या. ७५ व्या घरातले ऱ्हेनियम १९२५ मध्ये मिळाले आणि ४३ व्या घरातले टेक्नेशियम १९३७ मध्ये. हे पाहायला मोझली नव्हता. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१५ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी तो गॅलिपोलीला मारला गेला. विज्ञानाचे इतके मोठे नुकसान करणारी गोळी त्या युद्धात क्वचितच सुटली असेल.

न्यूट्रॉनांचे काम वेगळे. ते अणूची ओळख बदलत नाहीत, फक्त वजन आणि केंद्रकाचे स्थैर्य बदलतात. प्रोटॉन सारखे पण न्यूट्रॉन कमीजास्त अशा अणूंना समस्थानिके म्हणतात. बऱ्याच मूलद्रव्यांची निसर्गात दोन, तीन किंवा अधिक समस्थानिके सरमिसळ सापडतात. क्लोरीनचे अणुवस्तुमान ३५.५ येते ते त्यामुळेच. मँगनीज इथे अपवाद आहे. निसर्गात टिकून राहिलेला त्याचा एकच प्रकार आहे, मँगनीज-५५. तरी तक्त्यात त्याचे अणुवस्तुमान पूर्ण ५५ नसून ५४.९४ दिसते, आणि इथे समस्थानिकांचे नेहमीचे स्पष्टीकरण चालत नाही. हे माप कार्बन-१२ शी तुलना करून काढलेले असते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन केंद्रकात घट्ट बांधले जाताना त्यांच्या वस्तुमानाचा छोटासा अंश ऊर्जा होऊन बाहेर पडतो; मँगनीजच्या केंद्रकात ही बांधणी कार्बनपेक्षा घट्ट असल्याने आकडा ५५ च्या किंचित खाली राहतो.

अणुभट्टीत या केंद्रकाला आणखी एक न्यूट्रॉन चिकटवता येतो. मग मँगनीज-५६ तयार होते. ते अजून मँगनीजच असते, पण अस्थिर. सुमारे अडीच तासांत त्यातल्या निम्म्या अणूंमधल्या एकेका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, प्रोटॉन २६ होतात आणि त्या अणूंचे लोखंड बनते. मूलद्रव्य बदलते ते असे, केंद्रकात फेरफार झाला तरच. खाणीतल्या मँगनीजची केंद्रकेसुद्धा अशाच बदलातून आलेली आहेत. ताऱ्यांच्या स्फोटांत तयार झालेले कोबाल्ट-५५ काही तासांत लोखंड-५५ होते, आणि लोखंड-५५ चे केंद्रक पुढे काही वर्षांत आपल्याच एका इलेक्ट्रॉनला आत ओढून मँगनीज-५५ होते. त्यानंतर मात्र ते स्थिर राहते. भट्टी, आम्ल, वीज यांपैकी कशानेही त्याला धक्का लागत नाही.

आता इलेक्ट्रॉन. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी मांडले की इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती वाटेल तिथे नसतात, ठरावीक ऊर्जेच्या कवचांतच असतात. पुढच्या काळात इलेक्ट्रॉनच्या गोल कक्षेची कल्पना मागे पडली आणि तो कुठे असण्याची शक्यता किती, एवढेच सांगणारे कक्षक आले. पण कवचांचा हिशेब टिकला. नववीच्या मुलांना तो के, एल, एम, एन अशा कवचांनी येतो: पहिल्यात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ८, मग चौथे. हा नियम कॅल्शियमपर्यंत, म्हणजे २० पर्यंत, बिनचूक चालतो. २१ व्या स्कँडियमपासून तो बिघडतो आणि मुले गोंधळतात. मँगनीजची मांडणी २, ८, १३, २ अशी आहे. तिसऱ्या कवचात खरे तर १८ जणांची सोय असते. पण तिथली शेवटची दहा जागांची ‘डी’ उपकवचाची ओळ रिकामी असतानाच चौथ्या कवचात दोन इलेक्ट्रॉन जाऊन बसतात, कारण भरताना ती जागा कमी ऊर्जेची पडते. त्यानंतर डी भरायला लागते, आणि मँगनीजमध्ये तिथे पाच इलेक्ट्रॉन आहेत.

डी मध्ये पाच कक्षके, प्रत्येकात जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन. ऋण भार एकमेकांना दूर सारतात, म्हणून हे पाच इलेक्ट्रॉन जोड्या न करता प्रत्येकी एक कक्षक घेऊन राहतात, आणि पाचही जणांची फिरकी एकाच दिशेची असते. ही अर्धी भरलेली ओळ फार स्थिर असते. त्याचा पुरावा मोजता येतो. मँगनीजच्या अणूपासून पहिला इलेक्ट्रॉन तोडायला जी ऊर्जा लागते तिच्या साडेचारपट ऊर्जा तिसरा तोडायला लागते, कारण तो त्या पाचांपैकी एक असतो. शेजारच्या लोखंडात प्रोटॉन एकाने जास्त, म्हणजे पकड अधिक घट्ट हवी. तरी लोखंडाचा तिसरा इलेक्ट्रॉन मँगनीजच्या तिसऱ्यापेक्षा सोपा निघतो.

मँगनीज आपले बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन सहज देते. रसायनशास्त्रात याला अधिक दोन अवस्था म्हणतात. परिस्थिती पाहून ते तीन, चार, अगदी सातही इलेक्ट्रॉन व्यवहारात आणते. खाणपट्ट्यातले वेगवेगळे दगड म्हणजे याच अवस्था. एल. एल. फर्मोर या भूवैज्ञानिकाने १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि इथल्या एका खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. त्यात गारेबरोबर स्पेसार्टिन नावाचा गार्नेट असतो. गार्नेटमधले मँगनीज अधिक दोनमध्ये आहे. ब्राउनाइट या काळपट, जड खनिजात अधिक दोन आणि अधिक तीन दोन्ही एकत्र नांदतात. त्याच्या रेणुसूत्रात दोनच्या एका अणूमागे तीनचे सहा अणू असतात. हाताला काजळी लावणाऱ्या पायरोलुसाइटमध्ये, म्हणजे मँगनीज डायऑक्साइडमध्ये, ते अधिक चारमध्ये आहे. भट्टीत कोळशाच्या मदतीने या खनिजांपासून फेरोमँगनीज करतात, तेव्हा मँगनीजला त्याचे इलेक्ट्रॉन परत मिळतात. पोलादात ते गंधक आणि ऑक्सिजनला आपल्याकडे ओढून घेते. १२ ते १४ टक्के मँगनीज असलेले हॅडफिल्ड पोलाद ठोके खाऊन आणखी कठीण होते, म्हणून रूळ जिथे रुळाला छेदतो ते क्रॉसिंग त्याचे ओततात.

डोंगरी बुजुर्गचे डायऑक्साइड खनिज बॅटरीच्या कामाचे म्हणून ओळखले जाते. टॉर्चचा साधा, वापरून संपलेला सेल उभा कापला तर बाहेर जस्ताचे डबडे, मधोमध कार्बनची कांडी आणि भोवती ओलसर काळा लगदा दिसतो. तो लगदा म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, कार्बनची पूड आणि क्षार. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, ते तारेतून बल्ब पेटवत कांडीपर्यंत येतात आणि मँगनीज एकेक इलेक्ट्रॉन घेऊन अधिक चारवरून अधिक तीनवर उतरते. जस्त विरघळत जाते, डबडे पातळ होते आणि विसरून ठेवलेला सेल शेवटी गळतो.

अधिक सातचे मँगनीज पोटॅशियम परमँगनेटमध्ये असते, कॉलऱ्याच्या साथीत विहिरींत टाकत ती जांभळी पूड. बारावीच्या प्रात्यक्षिकात ते ब्युरेटमध्ये भरतात आणि खाली फ्लास्कमध्ये मोअरच्या क्षाराचे, म्हणजे लोखंडाच्या एका क्षाराचे, आम्लयुक्त द्रावण ठेवतात. द्रावण इतके गडद असते की वाचन पृष्ठभागाच्या वरच्या कडेवर घ्यावे लागते. थेंब पडतो, जांभळी रेघ उमटते आणि फ्लास्क हलवताच नाहीशी होते. त्या क्षणी मँगनीजचा एकेक अणू लोखंडाच्या पाच आयनांकडून एकेक असे पाच इलेक्ट्रॉन घेऊन सातवरून दोनवर येतो. दोनवर डी मधले पाच इलेक्ट्रॉन एकाच फिरकीचे असतात. प्रकाश शोषून वर उडी मारायची तर एकाला फिरकी उलटवावी लागते, ते क्वचित घडते, म्हणून द्रावण जवळजवळ रंगहीन दिसते. परमँगनेटचा जांभळा रंग येतो तो हिरवा प्रकाश शोषून ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन मँगनीजच्या रिकाम्या डी मध्ये उडी मारतो म्हणून. फ्लास्कमधले लोखंड संपले की पुढचा थेंब फिका गुलाबी रंग धरून ठेवतो. वेगळा दर्शक टाकावा लागत नाही.

सातच्या पुढे मँगनीज जात नाही. चौथ्या कवचातले दोन आणि डी मधले पाच हिशेबात आले की खाली उरते ती अरगॉनसारखी १८ इलेक्ट्रॉनांची पूर्ण भरलेली मांडणी, आणि तिच्यातला आठवा इलेक्ट्रॉन ओढून काढण्याइतकी ऊर्जा कोणत्याही रासायनिक क्रियेतून मिळत नाही.