काजूऐवजी काय? गोडाच्या पदार्थांतले काही बदल, आणि एक चुकलेला बदल



गणपती तोंडावर आले. आता घरोघरी फोन सुरू होतील, ‘गोडाचं काय करायचं, तुम्ही काय आणणार?’ म्हणून हा लेख आत्ताच लिहितो आहोत. लिहिणारे आम्ही म्हणजे बेलव्ह्यूतली पाच घरं. दरवर्षी आमच्यापैकी एकाकडे दीड दिवसाचा गणपती बसतो आणि बाकीचे पातेली, डबे घेऊन तिथे जमतात. गेल्या वर्षी त्या जेवणात आमच्या हातून एक चूक झाली. ती लपवण्यापेक्षा सांगितलेली बरी, कारण तीच चूक आपल्यापैकी कोणाच्याही स्वयंपाकघरात होऊ शकते.

आमच्यातल्या एका घरचा मुलगा पाच वर्षांचा. त्याला काजू आणि पिस्त्याची ॲलर्जी आहे, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. बेत ठरतानाच बजावलं होतं, काजू-पिस्ता कोणीही घालायचा नाही. श्रीखंड करणाऱ्या घराने तो नियम पाळला. पण नुसतं श्रीखंड वाटीत बरं दिसत नाही, वर काहीतरी हवंच, म्हणून देशातून आलेली चारोळी घातली. काजू नाही, पिस्ता नाही, मग काय हरकत? असं आम्हां सगळ्यांनाच वाटलं. त्याच्या आईलाही विचारलं होतं, तीही हो म्हणाली.

दोन चमचे खाल्ले आणि मुलगा ओठ चोळायला लागला. मग अंगावर गांध्या उठल्या, खोकला सुरू झाला. त्याच्या आईने पर्समधलं एपिपेन काढून मांडीत टोचलं, दुसऱ्या कोणी ९११ फिरवला. रात्री उशिरा पोर हसतखेळत घरी आलं, देवाची कृपा. पण त्या संध्याकाळची आरती आम्ही कशी म्हटली ते आमचं आम्हाला माहीत.

डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय होतं? ‘चारोळी’ला इंग्रजीत काय म्हणतात ते आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, की काजू, पिस्ता, चारोळी आणि आंबा ही सगळी एकाच वनस्पती-कुळातली भावंडं. काजूची ॲलर्जी असलेल्याला त्याच कुळातलं दुसरं बी देऊ नये, असं डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं. (आंब्याचा गर बहुतेकांना चालतो, पण तेही आपापल्या डॉक्टरांना विचारूनच.) लग्न जुळवताना सात पिढ्यांची चौकशी करणारी आपण माणसं, आणि श्रीखंडात बी घालताना कूळ पाहिलं नाही!

त्यानंतर पाडव्याला ती मंडळी आली, पण मुलगा स्वतःचा वेगळा डबा घेऊन आला. पंगतीत सगळ्यांच्या पानात श्रीखंड-पुरी आणि त्याच्यासमोर प्लॅस्टिकचा डबा. कोणी काही बोललं नाही. पण त्या दिवशी आम्ही ठरवलं, की पुढच्या गणपतीपर्यंत सगळं गोडधोड नीट तपासायचं. कुठल्या पदार्थात कुठला जिन्नस काय काम करतो, ते आधी समजून घ्यायचं आणि मगच बदलायचं. वर्षभरात जे हाती लागलं, ते खाली देत आहोत.

काजूचं काम कोण करील?

गोडात काजू तीन कामं करतो. वाटून घातला की दाटपणा आणतो, तुपात परतला की खमंगपणा देतो आणि वर लावला की शोभा देतो. दाटपणासाठी मगज, म्हणजे सोललेल्या कलिंगड-खरबुजाच्या बिया, तासभर भिजवून वाटून घाला. बासुंदीत फरक कळतसुद्धा नाही. खमंगपणासाठी सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया तुपात परता. शोभेसाठी केशराच्या दोन काड्या आणि वेलदोड्याची पूड पुरे. काजूकतलीच्या वाटेला मात्र जाऊ नका, तिच्यात काजूच सर्वस्व. त्याऐवजी नारळाची वडी करावी.

इथली पाकिटं वाचायची सवय करा. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे मासे, काजू-बदामासारखा सुकामेवा, शेंगदाणा, गहू, सोयाबीन आणि तीळ, ही नऊ नावं इथल्या कायद्याने पाकिटावर लिहावीच लागतात. तीळ त्यात १ जानेवारी २०२३ पासून आला. संक्रांतीचा तिळगूळ वाटताना हे लक्षात असू द्या. नारळ पूर्वी सरकारी यादीत सुक्यामेव्यात धरला जायचा, जानेवारी २०२५ मध्ये तो त्या यादीतून काढला. जायफळाच्या इंग्रजी नावात ‘नट’ आहे, पण ते त्या अर्थाने नट नव्हे. आणि एक महत्त्वाचं: ‘याच कारखान्यात काजूही हाताळले जातात’ अशा अर्थाची सूचना छापणं कंपन्यांच्या मर्जीवर असतं. तेव्हा सूचना नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. देशातून आलेल्या सुट्या पुड्यांना तर लेबलच नसतं.

दुधाचं दुखणं

इथल्या ‘होल मिल्क’मध्ये स्निग्धांश साधारण सव्वातीन टक्के असतो. आपल्याकडच्या फुल क्रीम पिशवीत तो निदान सहा टक्के, म्हशीच्या दुधात त्याहूनही जास्त. म्हणून इथलं दूध कितीही आटवा, आईच्या हातची बासुंदी होत नाही. दोष आपल्या हाताचा नाही, दुधाचा आहे. तीन भाग होल मिल्कमध्ये एक भाग हाफ-अँड-हाफ घातलं की निम्म्या वेळात दाट बासुंदी होते.

डब्याच्या दुधात नवख्यांची फसगत होते. १४ औंसांच्या डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क गोड असतं, १२ औंसांच्या डब्यातलं इव्हॅपोरेटेड मिल्क बिनसाखरेचं. पहिलं घातलंत तर वरून साखर घालण्याआधी चव बघा.

खवा मिळाला नाही तर दोन वाट्या दूध पावडर, एक डबा कंडेन्स्ड मिल्क आणि दोन चमचे तूप एकत्र करून मायक्रोवेव्हमध्ये एकेक मिनिट फिरवा, दर वेळी ढवळा. चार-पाच फेऱ्यांत गोळा होतो. कोमट असताना पेढे वळा. रिकोटा चीजचे पेढे आपल्याकडे पुष्कळ जण करतात. ते चांगलेच होतात, पण रिकोटाला पाणी फार. आधी मंद आचेवर तो पूर्ण कोरडा करून घ्यावा लागतो.

श्रीखंडासाठी पूर्वी आपल्यातली बरीच मंडळी सावर क्रीम आणि क्रीम चीज मिसळायची. आता ग्रीक योगर्ट सगळीकडे मिळतं. मात्र ते पूर्ण स्निग्धांशाचं घ्या. नॉनफॅटचं श्रीखंड खडूसारखं लागतं. फडक्यात बांधून चार-पाच तास टांगलं की चक्का तयार. दोन वाट्या चक्क्याला सव्वा वाटी साखर घ्या. ती साखर घरीच दळा. इथल्या तयार पिठीसाखरेत कॉर्नस्टार्च असतो, त्याने श्रीखंडाला पिठूळ चव येते. उन्हाळ्यात आपल्या लार्सन लेकच्या शेतावर ब्लूबेरी येतात. मुलांना तोडायला न्या, मूठभर फळं आधी शिजवून, आटवून, गार करून श्रीखंडात घाला. कच्ची घातलीत तर पाणी सुटतं.

गूळ, साखर आणि आजी-आजोबा

देशी दुकानातला गूळ संपला असेल तर कुठल्याही मोठ्या दुकानात मेक्सिकन सामानाच्या फळीवर ‘पिलोनसियो’ नावाचे तपकिरी सुळके मिळतात. तो उसाचा गूळच, फक्त साचा वेगळा. ब्राऊन शुगर म्हणजे गूळ नव्हे. ती बहुधा पांढरीच साखर, वर काकवी चढवलेली. पुरणाला चालून जाते, पण तो खमंगपणा येत नाही. खिरीत गूळ घालायचा तर आच बंद करून, दूध जरा निवल्यावर घाला, नाहीतर दूध फाटतं.

एक गैरसमज मात्र सोडायला हवा. सहा महिने राहायला येणाऱ्या आपल्या आई-वडिलांपैकी अनेकांना मधुमेह असतो, आणि ‘गुळाचं आहे, खा हो’ असा आग्रह आपणच करतो. गुळानेही रक्तातली साखर वाढतेच. त्यांच्यासाठी खरा बदल म्हणजे लहान वाटी आणि कमी गोड. साखरेऐवजी ॲस्पार्टेमच्या पुड्या वापरायच्या असतील तर त्या श्रीखंडासारख्या न शिजवायच्या पदार्थांत वापरा. उकळल्यावर त्यांचा गोडवा कमी होतो.

आणि बदलच नको असे पदार्थ

हे सगळं करून पाहताना आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, ‘अरे, तुम्ही हे काढा, ते घाला करत बसलात. ज्यात काजू, दूध, मैदा मुळातच नाही, ते का करत नाही?’ आजी मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली: उकडीचे मोदक, पातोळ्या, शिरवळ्या, घावन-घाटलं. तांदूळ, नारळ, गूळ, वेलदोडा. कोकणातल्या बायकांनी घरात जे पिकलं त्यातूनच सण साजरे केले. लग्नाच्या हॉलसारखा सुकामेवा सगळ्यावर भुरभुरायची सवय आपली, त्यांची नव्हे.

मोदकासाठी साधं तांदळाचं बारीक पीठ एशियन दुकानात मिळतं. एक वाटी पिठाला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल. शेजारचं ‘ग्लुटिनस’ म्हणजे चिकट तांदळाचं पीठ वाटीमागे एक-दोन चमचे घातलं तर पाकळ्या फाटत नाहीत. (नाव ग्लुटिनस असलं तरी त्यात गव्हाचं ग्लूटेन नसतं.) नारळ फ्रीजरमधला खवलेला घ्या, बेकिंगच्या फळीवरचा घेऊ नका, तो बहुधा साखर लावलेला असतो. ज्याला दूध चालत नाही त्याच्या मोदकावर तूप वाढू नका, म्हणजे झालं.

शिरवळ्या करायला सोऱ्या हवा आणि दंडात जोर हवा. आम्ही इथे सोपी वाट काढली. तांदळाच्या बारीक शेवयांचं पाकीट आणा, उकळत्या पाण्यात तीन मिनिटं ठेवून निथळा. नारळाच्या दुधाच्या एका डब्यात पाऊण वाटी चिरलेला गूळ, वेलदोड्याची पूड आणि कणभर मीठ घालून कोमट करा. उकळू देऊ नका, फुटतं. शेवयांवर ओता आणि लगेच वाढा. चार जणांना पुरतं, वीस मिनिटांचं काम.

यंदा नारळी पौर्णिमेला याच शिरवळ्या केल्या. आधी त्या मुलाच्या आईला स्वयंपाकघरात बोलावून प्रत्येक पाकीट तिच्या हातात दिलं. तिने सगळं दोनदा वाचलं. नारळ तो घरी खातो, तांदूळ खातो, गूळ खातो. तरी ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग म्हणाली, ‘वाढा.’ मुलाने एक वाटी खाल्ली, दुसरी मागितली, आणि त्याचा डबा त्या दिवशी पिशवीतून बाहेर निघाला नाही.

तेव्हा मंडळी, एक विनंती. यंदा मंडळाच्या जेवणाला पदार्थ आणाल तेव्हा सोबत एक चिठ्ठी आणा आणि त्यात घातलेला प्रत्येक जिन्नस मराठीत आणि इंग्रजीत लिहा. ‘थोडीशीच’ चारोळी असली तरी लिहा. पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो. प्रसाद सगळ्यांच्या हातावर पडला पाहिजे, आणि कोणाच्या आईला तो देताना धाकधूक वाटू नये.

आपलीच,
पाच घरची मंडळी

ता. क. काजू न घालता वाटण केलंत, पण मिक्सरच्या त्याच भांड्यात काल काजू वाटले होते, असं व्हायला नको. भांडं, पातं, झाकणाची रबरी कड आणि चमचा साबणाने स्वच्छ धुवा. आणि प्रत्येक पातेल्यात आपापला डाव ठेवा, एकाचा दुसऱ्यात घालू नका.