विश्लेषण : माशांच्या पिल्लांचा अभ्यासक सीलच्या डोक्यावर कॅमेरा का बसवतो?

एकीकडे जेमतेम तीन मिलिमीटरचे माशाचे पिल्लू आणि दुसरीकडे चार-पाचशे किलो वजनाचा अंटार्क्टिकातील सील. एकाच शास्त्रज्ञाच्या अभ्यासात हे दोघे एकत्र येतील असे सहसा वाटत नाही. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या सागरी विज्ञान संस्थेचे जीवशास्त्रज्ञ ली फ्युमन यांनी मात्र दोन्हींवर काम केले. मेक्सिकोच्या आखाताकाठी पोर्ट अरान्सस या गावात ही संस्था आहे. दोन्ही अभ्यासांमागचा प्रश्न एकच : पाण्यात शिकार आणि शिकारी यांच्यात नेमके काय घडते?

पिल्लांना इतके महत्त्व का?

समुद्री मासे एका हंगामात लाखो अंडी घालतात आणि त्यातून निघालेली जवळपास सगळी पिल्ले मरतात. आपल्याकडे मत्स्यव्यवसायात या अवस्थेला ‘जिरे’ म्हणतात, पुढे बोटभर झाली की ‘बोटुकली’. जिरे ते बोटुकली या काही आठवड्यांतच पुढच्या वर्षांचा मासा ठरतो. समजा, हजार पिल्लांतून एक जगते. त्याऐवजी दोन जगली, तर मृत्यूचे प्रमाण ९९.९ टक्क्यांवरून ९९.८ टक्क्यांवर येते. कागदावर हा फरक नगण्य वाटतो, पण जाळ्यात येणारा मासा त्याने दुप्पट होतो.

फ्युमन यांचा आवडता मासा रेड ड्रम. आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातला. १९८० च्या दशकात अमेरिकेतील हॉटेलांमध्ये मसाला लावून तव्यावर काळपट भाजलेल्या या माशाची अशी काही लाट आली, की आखातातला साठा धोक्यात आला. टेक्सासने १९८१ मध्येच त्याची व्यापारी विक्री बंद केली होती. दिवसाची लांबी आणि पाण्याचे तापमान कृत्रिमरीत्या बदलून या माशाला टाकीत अंडी घालायला लावण्याचे तंत्र पोर्ट अरान्ससच्या याच संस्थेत १९७० च्या दशकात विकसित झाले होते. त्यामुळे टाकीत पिल्ले वाढवायची आणि खाडीत सोडायची, हा मार्ग खुला झाला. पण सोडलेले पिल्लू पहिल्याच भक्षकाच्या तोंडी गेले तर सगळा खर्च पाण्यात.

पिल्लू पळते कसे?

इथे थोडे भौतिकशास्त्र लागते. पोहणाऱ्या प्राण्यावर पाण्याच्या चिकटपणाचा प्रभाव जास्त की त्याच्या स्वतःच्या गतीच्या जडत्वाचा, हे ‘रेनॉल्ड्स संख्या’ सांगते. आकार आणि वेग जितका कमी, तितकी ही संख्या लहान. तीन मिलिमीटरच्या पिल्लासाठी पाणी जवळजवळ काकवीसारखे असते. शेपटी हलवणे थांबले की तेही जागच्या जागी थांबते. सीलचे उलट आहे. एक फटकारा मारला की तो बराच वेळ नुसता घसरत जातो. पिल्लू वाढताना एका जगातून दुसऱ्या जगात शिरते आणि या संक्रमणात पोहण्याची पद्धत कशी बदलते, यावर फ्युमन १९८० च्या दशकापासून काम करत आले आहेत.

पळण्यासाठी आधी धोका कळावा लागतो. पिल्लाच्या अंगावर पाण्याची हालचाल टिपणारे संवेदी पेशींचे सूक्ष्म पुंजके असतात, वाढीबरोबर त्यांची संख्या वाढते, डोळेही सुधारतात. धोका जाणवताच शरीर क्षणार्धात इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वाकते आणि पिल्लू झटक्यात बाजूला होते. सेकंदाच्या अगदी लहान अंशात हे घडत असल्याने अतिवेगवान कॅमेऱ्याशिवाय ते दिसत नाही.

फ्युमन आणि सहकाऱ्यांचा सर्वांत उपयोगी निष्कर्ष मात्र कॅमेऱ्याइतकाच गाभोळीतून आला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, अंड्यात मेदाम्ले किती आहेत यावर पिल्लाची भक्षकापासून निसटण्याची क्षमता ठरते. मेंदू आणि डोळ्यांच्या जडणघडणीला लागणारे ‘डीएचए’ हे त्यातले प्रमुख. ही मेदाम्ले येतात आईच्या आहारातून. रेड ड्रम हंगामात पुन्हा पुन्हा अंडी घालतो आणि मादीच्या खाण्यातला बदल काही दिवसांतच अंड्यांत उतरतो, हे २०१३ च्या शोधनिबंधात दिसले. म्हणजे मत्स्यबीज केंद्रात मादीला स्वस्त खाद्य घातले, तर त्याची किंमत पिल्लू समुद्रात गेल्यावर मोजते. केंद्राच्या हिशेबात ती कुठेच दिसत नाही.

मग सील कुठून आले?

टाकीतल्या पिल्लाचे चित्रण करता येते. अंटार्क्टिकातील मॅकमर्डो साउंडमध्ये दोन मीटर जाडीच्या बर्फाखाली मासे काय करतात, हे कसे पाहणार? तिथे जाळे ओढता येत नाही. पण वेडेल सील रोज तिथे जेवायला जातो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे रँडल डेव्हिस, कॅलिफोर्नियाच्या टेरी विल्यम्स आणि फ्युमन यांच्या चमूने या सीलच्या डोक्यावर कॅमेरा आणि पाठीवर नोंदयंत्र बसवले. खोली, वेग, दिशा, पंखांचे फटकारे अशा सगळ्याची नोंद होत होती.

यंत्र परत कसे मिळवायचे, याची युक्ती याआधीच्या पिढीतील संशोधक जेरल्ड कूयमन यांची. १९६० च्या दशकात त्यांनी स्वयंपाकघरातील टायमर वापरून सीलच्या बुड्यांची नोंद घेणारे यंत्र बनवले होते. जवळपास दुसरी भेग नसलेल्या ठिकाणी बर्फाला भोक पाडायचे आणि सीलला तिथे सोडायचे. श्वास घ्यायला त्याला त्याच भोकाशी परतावे लागते. इतक्या विस्तीर्ण बर्फाखाली ते एकच भोक त्याला सापडते कसे, हे स्वतंत्र कोडे आहे. सील पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेत असावेत का, हेही याच चमूने तपासायला घेतले.

कॅमेऱ्यात काय दिसले?

१९९९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पहिले निष्कर्ष आले. सील अनेकदा खालून वर पाहतो. बर्फातून झिरपणाऱ्या उजेडावर माशाची आकृती उठून दिसते. मोठ्या टूथफिश माशाच्या अगदी काही सेंटिमीटर अंतरावर तो पोहोचतो, तरी माशाला पत्ता लागत नाही. बर्फाच्या कपारीत लपलेल्या छोट्या माशांसाठी वेगळा डाव आहे. सील कपारीत हवेचे बुडबुडे सोडतो आणि मासे बाहेर पळतात!

पुढच्या वर्षीच्या शोधनिबंधाने दम न घेता सील इतका खोल कसा जातो, याचे एक उत्तर दिले. खोलीवर फुप्फुसे दबतात, तरंगण्याची शक्ती कमी होते आणि सील बुडत जातो. ८० मीटरपेक्षा खोल बुडीत उतरण्याच्या वेळेपैकी ७८ टक्क्यांहून अधिक काळ तो पंख न हलवता घसरतो. त्यामुळे बुडीचा ऊर्जाखर्च ९.२ ते ५९.६ टक्के कमी होतो.

२००२ मध्ये फ्युमन यांनी चित्रण उलट्या बाजूने वाचले. सील काय करतो यापेक्षा त्याच्यासमोरचे मासे काय करतात, हे त्यांनी पाहिले. टूथफिश आणि अंटार्क्टिक सिल्व्हरफिश (आपल्या पुस्तकांतली कसर नव्हे, हा खरा मासा) मधल्या पाण्यात कुठे असतात, हे सांगायला भक्षकच निरीक्षक झाला.

याचा मासेमारीशी संबंध काय?

रॉस समुद्रात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून टूथफिशची व्यापारी मासेमारी होते. हा मासा चरबीने भरलेला आणि महाग. वेडेल सीलची मादी पिल्लाला दूध पाजण्याच्या काळात शरीराचे एक तृतीयांशाहून अधिक वजन गमावते. ते भरून काढायला तिला असेच सकस खाणे लागते, त्यामुळे मासेमारीचा कोटा सीलच्या मुळावर येईल, अशी काही संशोधकांची मांडणी आहे. एका बुडीला ऊर्जा किती लागते आणि एका टूथफिशमधून किती मिळते, हे आकडे त्या वादात कळीचे आहेत.

अंटार्क्टिकातील सागरी सजीवांच्या संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१६ मध्ये रॉस समुद्राचा सुमारे १५.५ लाख चौरस किलोमीटर भाग संरक्षित केला. भारत या आयोगाचा सदस्य आहे. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आपल्या अंटार्क्टिक मोहिमांची सूत्रे सांभाळते. डिसेंबर २०१७ मध्ये लागू झालेल्या या संरक्षणाची मुदत ३५ वर्षांची आहे. पुढे काय करायचे, यावर सदस्य देशांना २०५२ पर्यंत पुन्हा एकमत करावे लागेल.