विहारनौकेचा कर आणि बंदराची निवड

विक्रीकर हा श्रीमंत आणि गरीब यांस सारख्याच दराने भरावा लागतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. साबणाची वडी किंवा वह्यांचा गठ्ठा घेणाऱ्याला परराज्यात जाऊन खरेदी करणे परवडत नाही. परंतु वस्तू जितकी मौल्यवान आणि जितकी सहज हलविता येणारी, तितकी कर टाळण्याची सोय अधिक. अमेरिकेतील यॉटचा, म्हणजे धनिकांच्या विहारनौकांचा व्यवहार हे याचे ठळक उदाहरण होय.

अमेरिकेत विक्रीकराचा दर ज्या त्या राज्याने ठरवावयाचा असतो. डेलावेअर आणि ओरेगन या राज्यांत हा करच नाही. ऱ्होड आयलंडने १९९३ मध्ये नौकांना त्यातून मुक्त केले. फ्लोरिडात दर ६ टक्के असला, तरी एका नौकेवर १८,००० डॉलरपेक्षा अधिक कर घ्यावयाचा नाही, असे बंधन २०१० पासून आहे. न्यूयॉर्कने २०१५ मध्ये २,३०,००० डॉलरच्या वरील किंमत करमुक्त केली.

वापरकराची तटबंदी

मग प्रत्येकाने करमुक्त राज्यात खरेदी का करू नये? येथे वापरकर आडवा येतो. बाहेर घेतलेली वस्तू आपल्या हद्दीत वापरली गेली, तर राज्य तिच्यावर विक्रीकराइतकाच कर बसविते; अन्यत्र भरलेल्या कराची बहुधा वजावट मिळते. महाराष्ट्राने १९८७ मध्ये परराज्यांतून आणलेल्या मोटारींवर प्रवेशकर बसविला, त्यामागे हाच विचार होता. म्हणून नौका कोठे घेतली यापेक्षा ती कोठे नांगरली जाते, हे महत्त्वाचे ठरते. मॅसॅच्युसेट्सचे तत्कालीन सिनेटर जॉन केरी यांची सुमारे ७० लाख डॉलरची नौका शेजारच्या ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट बंदरात असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. टीका होताच त्यांनी आपल्या राज्याला सुमारे ५ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. नियमांच्या चौकटीतील करबचत आणि करचुकवेगिरी यांत कायद्याने भेद केला आहे. लोकमत तो नेहमीच मानते असे नाही.

सवलतीचा भार कोणावर?

कमाल मर्यादेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. फ्लोरिडात ३ लाख डॉलरच्या नौकेवर १८,००० डॉलर कर पडतो, तो ६ टक्के होतो. ३ कोटींच्या नौकेवरही तेवढाच, म्हणजे शेकडा सहा सेंट! जो अधिक खर्च करील, त्याच्यावरील कराचे प्रमाण कमी, अशी ही उलटी गंगा आहे.

सवलतींच्या समर्थकांचा युक्तिवाद मात्र पोकळ नाही. १९९१ पासून संघ सरकारने १ लाख डॉलरच्या वरील किंमतीवर १० टक्के चैनकर लावला. नौकांची विक्री घसरली आणि कारखान्यांतील सुतार व रंगारी बेकार झाले. त्या काळी मंदीही होती. परंतु दोष कराच्या माथी आला आणि १९९३ मध्ये नौकांपुरता तो रद्द झाला. धनिकाने खरेदी पुढे ढकलली. कामगाराला चूल पुढे ढकलता आली नाही.

यावरून चैनीच्या वस्तूंवर कर नसावा, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. दोष आहे तो राज्याराज्यांतील चढाओढीत. एकाने दर उतरविला की शेजाऱ्यालाही उतरवावा लागतो आणि तिजोरीतील तूट अखेर ज्यांना बंदर बदलता येत नाही, त्यांच्याकडून भरून काढली जाते. भारतात जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराचा दर देशभर एकच आहे. विहारनौकांवर तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. नौका मुंबईत घ्या की गोव्यात, दर बदलत नाही. हा दर योग्य की जाचक, यावर मतभेद होऊ शकतील. परंतु कर विधिमंडळाने ठरवावा, मालकाच्या नांगराने नव्हे, हे तत्त्व तरी त्यात सुरक्षित राहते.