अर्धी पावती

गोंदियात धानाचा ट्रक राइस मिलच्या आवारात शिरला की आधी धर्मकाट्यावर चढतो. भरल्या गाडीचं वजन होतं, मग हमाल कट्टे उतरवतात आणि रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांची वजाबाकी करायची, त्यातून बारदान्याचं वजन वगळायचं, की आलेलं धान कळतं. हंगामात या दोन वजनांमध्ये कधी अर्धा तास जातो, कधी अख्खी दुपार. तेवढा वेळ पावती अर्धीच असते. खरी असते, पण पक्की नसते. मिलसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची परीक्षा या अर्ध्या पावतीपाशी होते.

१९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानावर जगतो, आणि माझं कामही मिलच्या हिशेबांचंच आहे. वर्षानुवर्षं ते पीएचपीत केलं. टेबल आपण आखायचं, फॉर्म आपण मांडायचा, अर्ध्या पावतीसाठी वेगळा रकाना आपणच ठेवायचा. एकाच वेळी दोघांनी तीच पावती उघडली तर काय, याचाही बंदोबस्त आपणच करायचा. असं काम अंगवळणी पडलेला माणूस नवं फ्रेमवर्क शिकायला बसतो, तेव्हा भाषा त्याला अडवत नाही. पायथनचं व्याकरण पटकन बसतं. अडचण होते ती हातांची, कारण जी कामं हात आपसूक करायला जातात ती आधीच कुणीतरी करून ठेवलेली असतात.

मी शिकायला घेतलं ते फ्रॅपे. हे फ्रेमवर्क मुंबईत घडलं. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाचा कारभार सांभाळायला सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, त्यातून ईआरपीनेक्स्ट उभं राहिलं, आणि त्याचा पाया म्हणजे फ्रॅपे. पायथन आणि मारियाडीबीवर चालतं, आणि कोड सगळ्यांना खुला आहे. धंद्याच्या व्यवहारातून जन्मल्याच्या खुणा त्यात जागोजागी दिसतात. माझ्या कामाला म्हणूनच ते जवळचं वाटलं.

फ्रॅपेत सगळं डॉकटाइपपासून सुरू होतं. ‘काटा पावती’ नावाचा डॉकटाइप केला, त्यात गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, कट्ट्यांची संख्या असे रकाने घातले, की डेटाबेसमधलं टेबल तयार होतं, फॉर्म तयार होतो, यादी तयार होते, कुणाला काय बघता येईल याचे नियमही तिथेच बसतात. एचटीएमएलची एक ओळ लिहावी लागत नाही. नवख्याला याचा आनंद होईल. अनुभवी माणसाला मात्र चैन पडत नाही. ‘जतन करा’ दाबल्यावर नेमकं कुठून काय चालतं, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नाही, आणि बसूही नये. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब त्या बटणामागे असतो.

म्हणून मी धडे बाजूला ठेवले आणि फ्रॅपेच्या मॉडेल फोल्डरमधली डॉक्युमेंट नावाची पायथन फाइल उघडली. अनुभवी प्रोग्रॅमरने नवं फ्रेमवर्क शिकताना हेच करावं, असं माझं ठाम मत आहे. दहा उदाहरणं करून जे कळत नाही ते अशा एका फाइलमध्ये सापडतं. जतन करताना कोणती पायरी कोणत्या क्रमाने चालते, ते तिथे सरळ लिहिलेलं आहे. पावती नुसती जतन होत असेल तर आधी व्हॅलिडेट, मग बिफोर सेव्ह. पक्की होत असेल तर व्हॅलिडेट आणि बिफोर सबमिट. आणि रद्द होत असेल तर व्हॅलिडेट चालतच नाही, फक्त बिफोर कॅन्सल.

पावतीची अवस्था फ्रॅपे एका आकड्यात ठेवतं: ० म्हणजे कच्ची, १ म्हणजे पक्की, २ म्हणजे रद्द. भरल्या गाडीचं वजन झालं की पावती ० वर जतन होते आणि वाट बघत थांबते. रिकामं वजन भरून सबमिट केलं की ती १ होते, आणि मग आकडा खोडता येत नाही. चूक निघाली तर पावती रद्द करायची आणि दुरुस्तीची नवी काढायची. नव्या पावतीच्या क्रमांकाला मागे एक जोडला जातो आणि ती कोणत्या पावतीवरून निघाली याची नोंद राहते. चांगला मुनीम वहीत हेच करतो. खाडाखोड करत नाही, उलट नोंद घालतो.

हे कळल्यावर माझे नियम कुठे लिहायचे ते आपोआप ठरलं. ‘रिकामं वजन हवंच’ ही अट व्हॅलिडेटमध्ये घातली तर अर्धी पावती जतनच होणार नाही आणि काट्यावरचा माणूस कागदावर आकडे टिपत बसेल. ती अट बिफोर सबमिटमध्येच हवी. ‘रिकामी गाडी भरल्या गाडीपेक्षा जड नको’ ही मात्र व्हॅलिडेटमध्ये, रिकामं वजन भरलेलं असेल तेव्हाच तपासायची. साठा वाढवायचा तो ऑन सबमिटमध्ये, आणि तितकाच कमी करायचा ऑन कॅन्सलमध्ये. काट्यावर आणि ऑफिसात एकच पावती उघडी असेल तर मागाहून जतन करणाऱ्याला फ्रॅपे अडवतं, आधी ताजी प्रत घ्यायला लावतं. हा बंदोबस्त मी पूर्वी हाताने लिहायचो.

जुन्या सवयीचा खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. फ्रॅपेत थेट एसक्यूएल चालवता येतं, आणि एखादा रकाना परस्पर बदलणारं सेट व्हॅल्यूही आहे. एसक्यूएलमध्ये मुरलेल्या माणसाला तोच रस्ता जवळचा वाटतो. पण त्या रस्त्याने गेलं की वर लिहिलेली एकही तपासणी चालत नाही. पक्क्या पावतीचं वजनसुद्धा गुपचूप बदलेल. जुनं ज्ञान टाकून द्यायचं नाही, त्याची जागा बदलायची. अहवाल काढायला, संथ चाललेली क्वेरी पकडायला एसक्यूएल बिनधास्त वापरावं. नोंद बदलायची असेल तर मात्र पुढच्या दारानेच जावं.

सरकारी धानाच्या भरडाईचं गणितही असंच नीट जागेवर बसवावं लागतं. १०० क्विंटल धानामागे अरवा तांदूळ ६७ क्विंटल आणि उसना ६८ क्विंटल परत द्यायचा असतो. हा ६७ कोडमध्ये कोरून ठेवणं म्हणजे उद्या शासनाने आकडा बदलला की प्रत्येक मिलमध्ये धावत जाणं. फ्रॅपेत ‘सिंगल’ प्रकारचा डॉकटाइप असतो, ज्याची एकच नोंद राहते. हे आकडे तिथे ठेवले की मिलवाल्याला ते स्वतः बदलता येतात. मात्र प्रत्येक भरडाईच्या नोंदीत त्या वेळचा आकडा उतरवून घ्यायला हवा, नाहीतर मागच्या हंगामाचा हिशेब नव्या दराने दिसेल. हे कोणतंही फ्रेमवर्क सांगत नाही. ते मिलमध्ये बसूनच कळतं.

सध्या मी रद्द करण्याच्या वाटेवर चाचण्या लिहितो आहे. भरडाईची पक्की नोंद ज्या काटा पावतीला जोडलेली आहे, ती पावती फ्रॅपे रद्द करू देत नाही. आधी भरडाई रद्द करावी लागते, मग पावती. या क्रमाने साठा जिथे होता तिथे परत येतो का, हे तपासायचं आहे, आणि दिवाळीनंतर नवं धान काट्यावर येण्याआधी ते झालेलं हवं.