घरी बिअर बनवणारं ‘ऑल-इन-वन’ मशीन : घेताना लोक कुठं फसतात?

रीलमध्ये सगळं सोपं दिसतं. स्टीलचं उंच भांडं, त्याला छोटा डिस्प्ले, बटण दाबलं की पाणी तापतं आणि पुढच्याच सीनमध्ये फेसाळता ग्लास. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात घरी बिअर बनवणं हा जुना छंद आहे. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरगुती बिअरवरचा केंद्रीय कर हटला. एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३७८ लिटर बिअर स्वतःसाठी बनवता येते. विकायची मात्र नाही.

पण मशीन निवडताना अनेकांचे पैसे वाया जातात. का? समजून घेऊया.

मशीन नेमकं करतं काय?

आधी भरडलेलं माल्ट ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजवतात. त्यात स्टार्चची साखर होते. मग दाण्यांची जाळी वर उचलायची, गोड पाणी निथळू द्यायचं, हॉप्स घालून तासभर उकळायचं आणि थंड करायचं. पूर्वी यासाठी दोन-तीन पातेली आणि गॅसची शेगडी लागायची. आता हे सगळं एकाच भांड्यात होतं. जर्मनीचं ब्राउमायस्टर, न्यूझीलंडचं ग्रेनफादर, ऑस्ट्रेलियाचं ब्रूझिला, अमेरिकेचं अॅनव्हिल फाउंड्री ही त्यातली ओळखीची नावं.

पहिला प्रश्न : घरातला प्लग कोणता?

ब्रँडच्या आधी प्लग बघायचा. अमेरिकेतल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर साधारण १५०० वॅटचं मशीन चालतं. २५ लिटर पाणी २० वरून ६६ अंशांवर न्यायला त्याला निदान ५३ मिनिटं लागतात. माल्ट भिजवून झाल्यावर तिथून उकळीपर्यंत आणखी ४० मिनिटं. भांड्यातून बाहेर जाणारी उष्णता धरली तर आणखी वेळ. २४० व्होल्टवर ३००० वॅट मिळाले तर हाच वेळ निम्मा होतो. म्हणूनच दोन्ही व्होल्टेजवर चालणारं मॉडेल अमेरिकेत सोयीचं पडतं. ब्रिटनच्या साध्या प्लगवर ३००० वॅटपर्यंत भार चालतो, त्यामुळे तिथं हा प्रश्न कमी येतो.

दुसरा प्रश्न : किती लिटरचं घ्यायचं?

इथं सगळ्यात जास्त गल्लत होते. १९ लिटर बिअर हवी म्हणून २० लिटरचं भांडं घेतलं की फसलात. पाच किलो माल्ट साधारण पाच लिटर पाणी पिऊन टाकतं. तासाभराच्या उकळीत तीनेक लिटर वाफ होते. तळाला गाळ राहतो तो वेगळा. म्हणजे सुरुवातीलाच २८ लिटरच्या आसपास पाणी लागतं. त्यात उकळी फुटताना फेस उतू जायची भीती. म्हणून १९ लिटरसाठी ३० ते ३५ लिटरचं भांडं बरं.

तिसरा प्रश्न : साफ कसं करायचं?

पाणी फिरवणारा पंप असला की तापमान सगळीकडे सारखं राहतं. पण तो उघडून धुता आला पाहिजे आणि सुटे भाग मिळाले पाहिजेत. सोबत येणारी थंड करायची कॉइल नळाच्या पाण्यावर चालते. नळालाच कोमट पाणी येणाऱ्या भागात तिच्यानं २० अंश गाठता येत नाही.

‘ऑल-इन-वन’मध्ये काय नाही?

आंबवणं! यीस्ट घातल्यावर आठवडा-दोन आठवडे बिअर वेगळ्या भांड्यात राहते. एल प्रकारासाठी साधारण १८ ते २० अंश तापमान लागतं. ते सांभाळलं नाही, तर मशीन कितीही महाग असो, चव बिघडते. त्यामुळे बजेट कमी असेल तर मशीन साधं घ्यावं आणि उरलेल्या पैशांत आंबवण्यासाठी जुना फ्रिज आणि तापमान कंट्रोलर घ्यावा.

मग हे महाराष्ट्रात आणलं तर?

इथं दोन अडचणी आहेत. फक्त १२० व्होल्टचं मशीन आपल्या २३० व्होल्टला लावलं तर कॉइलवर जवळपास चौपट भार येतो आणि ती जळते. दुसरी अडचण त्याहून मोठी. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, आणि त्यात बिअरही आली. ‘घरापुरती केली’ म्हणून सुटका होत नाही.

त्यामुळे परदेशातल्या मित्राला ‘येताना एक घेऊन ये’ असा मेसेज टाकण्याआधी थांबलेलं बरं.