घरच्या सहलीची सायकल घेताना मागचे चाक आधी पाहा

रक्तातील साखर वाढलेल्या किंवा वजन हाताबाहेर गेलेल्या रुग्णाला "रोज चालत जा, नाहीतर सायकल चालवा" एवढे सांगून आम्ही डॉक्टर मंडळी पुढच्या रुग्णाकडे वळतो. चालायला काही विकत आणावे लागत नाही. सायकलीचे तसे नाही. "डॉक्टरसाहेब, घ्या म्हणता तर कोणती घेऊ?" असा प्रश्न अलीकडे वरचेवर येतो, आणि विचारणारा बहुधा एकट्यापुरते विचारत नसतो. रविवारी सकाळी मुलाला मागे बसवून, सौभाग्यवतींना दुसऱ्या सायकलीवर घेऊन कृषी विद्यापीठाच्या झाडीतल्या रस्त्यांवर एक फेरी मारावी, हुरड्याच्या दिवसांत शेतापर्यंत जावे, उत्साह टिकलाच तर एखाद्या दिवशी पोखर्णीच्या नृसिंहाचे दर्शन घेऊन यावे, असा त्याचा बेत असतो. बेत उत्तम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की तो मध्यम श्रम समजावा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना तर रोज सरासरी तासभर हालचाल हवी. सायकलीवर हे हसतखेळत होते.

तेव्हा सायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न दुकानदाराइतकाच डॉक्टरचाही आहे. कसा, ते सांगतो.

दुकानात गेलेला माणूस सायकल पुढून पाहतो. रंग, हँडलची ऐट, गिअर किती, डिस्क ब्रेक आहे का, टायर किती जाड. माझे सांगणे असे की, घरच्या माणसांना घेऊन फिरायचे असेल तर सायकल मागून पाहावी. मागचे चाक, त्याच्या तारा, कॅरिअर, स्टँड आणि चाकावरची जाळी, या गोष्टी नीट असतील तर बाकीचे जमवून घेता येते. याचे कारण दवाखान्यात दिसते. दोन ते आठ वर्षांचे मूल, कॅरिअरवर उशी किंवा पोते घालून बसवलेले, दोन्ही पाय मोकळे लोंबकळत. गार वाऱ्याने त्याला डुलकी लागते, किंवा वळणावर तोल सावरताना ते पाय आत घेते. पाऊल फिरत्या तारांत जाते आणि तारा व फ्रेमची मागची नळी यांच्यामध्ये चेचले जाते. बहुतेक वेळा इजा टाचेला आणि घोट्याला होते.

ही जखम फसवी असते. पहिल्या दिवशी नुसते खरचटल्यासारखे, फार तर कातडी सुटल्यासारखे दिसते. घरचे म्हणतात, होईल बरी. पण आतला भाग चेचलेला असल्याने तीन-चार दिवसांनी तीच कातडी काळी पडते, सडते, आणि टाचेवर मुळातच मांस कमी असल्यामुळे जखम भरायला अनेक आठवडे लागतात. काही मुलांना दुसरीकडची कातडी काढून लावण्याची पाळी येते. कधी हाड मोडलेले असते, कधी टाचेमागची मोठी शीर दुखावलेली असते. मूल महिनाभर शाळेत जात नाही.

असा प्रसंग आलाच तर पाय ओढून काढू नका. सायकल धरून ठेवा, चाक हलू देऊ नका, पक्कड आणून तारा कापा. पायापुढे तारेची किंमत ती काय! मग स्वच्छ पाण्याची धार धरून जखम धुवा, धुतलेल्या कापडाने झाका, पाय उंच ठेवा आणि सरळ डॉक्टरकडे या. हळद, चहापूड, ग्रीस, दंतमंजन यांतले काही लावू नका. ते काढताना मुलाला पुन्हा यातना होतात आणि आम्हाला जखम दिसत नाही. धनुर्वाताच्या लसी कधी दिल्या ते आठवून सांगा, एक्स-रे सांगितला तर काढा आणि दोन दिवसांनी जखम पुन्हा दाखवा, ती बरी दिसत असली तरीही. खरी इजा किती, ते तेव्हा कळते.

मोटारसायकलीसाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिले आहे की, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकलेले हवे. तो नियम मोटारसायकलीचा. सायकलीची जाळी मात्र आपण मागून घ्यावी लागते. ती दोन्ही बाजूंनी बसवा. ज्या बाजूला चेन असते तिकडे चेनकव्हर आहे म्हणून सोडून देऊ नका. ते वरच्या तारा झाकत नाही. हीच जाळी पदर आणि ओढणीही वाचवते. ओढणी चाकात गेली तर फास गळ्याला बसतो, म्हणून सायकलीवर ती गाठ मारून किंवा खोचूनच घ्यावी.

मुलासाठी पाठ असलेले, पट्ट्याचे, पाय ठेवायला बंद खोबण असलेले आसन मिळते. परभणीच्या दुकानात नसेल तर मागवून घ्या. ते सुतळीने किंवा तारेने बांधू नका, नटबोल्टनेच बसवा. वर्षाच्या आतल्या बाळाला सायकलीवर नेऊच नये. त्याची मान धक्के सोसण्याइतकी बळकट झालेली नसते. मुलाच्या आसनाची मर्यादा बहुधा २२ किलोपर्यंत असते, आसनावर लिहिलेली असते, तीच पाळावी. कॅरिअरही किती किलो पेलते ते विचारा. नुसत्या पत्र्याच्या पट्टीचे, एकाच स्क्रूवर तोललेले कॅरिअर डबा न्यायला ठीक. मुलासाठी दोन्ही बाजूंनी एक्सलपाशी टेकणारे जाड सळईचे कॅरिअर हवे. पुढच्या नळीवर छोटी सीट लावून मुलाला बसवण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. तिथे त्याचा पाय पुढच्या चाकाजवळ येतो आणि पुढचे चाक अचानक अडले तर सगळेच डोक्यावर पडतात. मी तरी ती सुचवणार नाही.

स्टँडकडे कोणी लक्ष देत नाही. एका बाजूचे स्टँड मुलाच्या वजनाने आडवे होते. दोन पायांचे, मागचे चाक उचलणारे जुन्या तऱ्हेचे स्टँड त्याहून बरे. तरी मूल बसलेले असताना सायकल सोडून पान खायला जाऊ नये, हेही सांगावे लागते.

आता चाक. आपल्या वडिलांची काळी सायकल आठवा. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. दोन पोती किंवा दोन पोरे त्यावर सहज जात, ते काही उगाच नव्हे; ओझे मागे येते म्हणून तारा मागे जास्त. अशी सायकल आजही मिळते आणि सपाट रस्त्याला वाईट नाही. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये बंद पडला तेव्हा जुन्या मंडळींना हळहळ वाटली, पण त्या घडणीच्या सायकली बनवणारे दुसरे आहेत. तिचे दोष दोन. एक, ती वीस किलोच्या आसपास भरते. दुसरा, तिचा दांड्याचा ब्रेक पावसात ओल्या स्टीलच्या रिमवर घसरतो. मूल मागे असताना हा दुसरा दोष मला मोठा वाटतो. नवी घेणार असाल तर दुकानात सरळ तारा मोजा. मागच्या चाकाला ३६ असाव्यात. चाक उचलून फिरवा आणि रिम ब्रेकच्या रबराजवळून सारखी जाते की लहरत जाते ते पाहा. लहरत असेल तर आऊट काढून द्यायला सांगा.

फ्रेम लोखंडी घ्यावी असे माझे मत आहे. किलो-दोन किलो जड पडेल, पण गावातला वेल्डर तिला सांधू शकतो. ॲल्युमिनियमची सांधणारा सहज सापडत नाही. पुढे-मागे स्प्रिंगा लावलेल्या सायकली मुलांना फार आवडतात. स्वस्तातल्या स्प्रिंगा वजन वाढवतात आणि पायातली शक्ती खातात. मागे स्प्रिंग असेल तर मुलाचे आसन आणि चांगले कॅरिअर नीट बसतच नाही, तेव्हा घरच्या कामाला ती सायकल बाद.

टायर मध्यम रुंद, पावणेदोन ते दोन इंची घ्या. त्याहून बारीक टायर आपल्या खडीच्या रस्त्यावर हाडे खिळखिळी करतो. फार जाड टायर ओढून दम लागतो. शेताच्या वाटेवर बाभळीचा काटा आणि सराटा आहेतच, म्हणून जाड पाठीचे टायर मागा आणि पंक्चरचे सामान, पंप बरोबर ठेवा. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाक फिरत नाही. मडगार्ड आणि टायर यांच्यात दोन बोटांची जागा हवी. शक्यतो जून ते सप्टेंबर डांबरी सोडूच नये.

गिअरविषयी थोडक्यात. परभणी, मानवत, पाथरी, पूर्णा या भागात फारशी चढण नाही, बिनगिअरची चालते. जिंतूरकडची मंडळी नेमगिरीला किंवा येलदरी धरणाकडे जाणार असतील, किंवा ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी हलका गिअर असलेली घ्यावी. मोठे आकडे पाहून भुलू नये. सात पुरे होतात. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. आमच्या व्यवसायाला त्याचा अभिमान आहे. पण त्यांची सायकल शर्यतीची होती, तिच्यावर मूल बसवायचे नव्हते.

गुडघ्यांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. सायकल चालवून गुडघे दुखतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी सीटची उंची विचारतो. पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवलेली असते. त्यामुळे गुडघा फार दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. एवढे केले तरी पुष्कळ दुखणी थांबतात. पाठीचा त्रास असेल तर हँडल सीटच्या बरोबरीला किंवा थोडे वर घ्या. हाताच्या बोटांना मुंग्या येत असतील तर पकड बदलत राहा. मांड्यांमध्ये बधिरपणा येत असेल तर सीटचे पुढचे टोक वर आलेले असते, ते समतल करा. लाजून हे कोणी बोलत नाही. पन्नाशीपुढच्यांनी आणि साडी नेसणाऱ्यांनी मधली नळी खाली असलेली सायकल घ्यावी. तिला लेडीज सायकल म्हणतात म्हणून पुरुषांनी संकोच करू नये, टांग टाकताना पडून खुबा मोडण्यापेक्षा ते बरे.

मुलांसाठी वाढत्या अंगाचा सदरा शिवतात तशी मोठी सायकल घेऊ नये. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत आणि ब्रेकची मूठ त्याच्या पंज्यात मावली पाहिजे. मोटारसायकलीचे हेल्मेट लहान मानेला जड होते. सायकलीचे हलके मिळते, ते भुवयांच्या दोन बोटे वर, हनुवटीखाली पट्टा लावून बसवावे. ज्या घरात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलीला सायकल मिळाली आहे, त्यांनी नवी घेण्याची घाई करू नये. ब्रेकची रबरे बदलून, जाळी आणि मागचा लाल परावर्तक बसवून तीच सहलीला निघू शकते. मुलगी पुढे आणि आई-वडील मागे, ही रांगही चांगली दिसते.

ज्यांना चालताना छातीत दुखते, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्यांचे नुकतेच हर्नियाचे किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी निघू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. घाम फुटून हात थरथरले की थांबून ते खावे. एप्रिल-मे मध्ये आठच्या आत घरी परत. हिवाळ्यात एक लक्षात ठेवा: तुम्ही पायडल मारून घामाघूम झालात तरी मागे बसलेले मूल हलत नसते, ते गारठते. त्याला तुमच्यापेक्षा एक कपडा जास्त हवा.

सायकल घरी आणल्यावर लगेच लांब जाऊ नका. मुलाच्या वजनाइतकी धान्याची पिशवी आसनात पट्ट्याने बांधून चार दिवस गल्लीत चालवा. वळताना आणि थांबताना मागचे ओझे कसे खेचते ते अंगवळणी पडेल. नव्या चाकाच्या तारा पहिल्या महिन्यात ढिल्या होतात, तेव्हा महिन्याभराने पुन्हा दुकानात नेऊन मागच्या चाकाचा आऊट काढून घ्या, कॅरिअर आणि आसनाचे नट आवळून घ्या, आणि जाळीचे स्क्रू पाहायला विसरू नका. ते सर्वांत आधी गळून पडतात.