घरात एकच मेल आयडी? संशोधनात हे चालत नाही

पेण-रोह्याकडे अॅडमिशन आणि स्कॉलरशिपचे दिवस आले की मुलं फॉर्म भरायला सायबर कॅफे गाठतात. ईमेलचा रकाना आला की कुणी दादाचा आयडी देतं, कुणी मैत्रिणीचा. काहीच नसेल तर कॅफेवाला स्वतःचा टाकून मोकळा होतो. काम होतं, म्हणून सवय लागते. पण पीएचडीकडे वळायचं असेल तर ही सवय आधी मोडा. का, ते बघू.

पहिलं कारण साधं आहे. पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड करायची लिंक मेलवर येते. म्हणजे मेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात त्या मेलवर उघडलेली सगळी खाती. डिसेंबर २०१८ पासून नेट परीक्षा एनटीए घेते आणि तिचा अर्ज, सूचना, निकाल सगळं ऑनलाइन असतं. दादा नोकरीला पुण्याला गेला, त्याने तो मेल उघडणंच सोडलं, तर तुमची सूचना वाचणार कोण? शिवाय दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. मग त्यातलं सगळंच गेलं.

दुसरं कारण नावाचं. आपल्याकडे पाटील, म्हात्रे, ठाकूर किती, हे सांगायला नको. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, लेखावर नंतर. लग्नानंतर काहींचं नावच बदलतं. मग 'एस. पाटील' यांचा लेख नेमका कुणाचा? यासाठी २०१२ साली ऑर्किड सुरू झालं. प्रत्येक संशोधकाला १६ अंकी क्रमांक मिळतो आणि नाव बदललं तरी तो बदलत नाही. मात्र एक ईमेल एकाच ऑर्किड खात्याला जोडता येतो. बहिणीने तुमच्या मेलवर आधी नोंदणी केली असेल, तर तुम्हाला दुसरा मेल शोधावाच लागेल.

तिसरं कारण विश्वासाचं. संशोधनात मेल म्हणजे जवळजवळ सहीच. २०१४ मध्ये सेज या प्रकाशनसंस्थेने एका नियतकालिकातले ६० लेख एकदम मागे घेतले. परीक्षकांच्या नावाने खोटी खाती आणि मेल आयडी वापरून लेखांना पसंती मिळवली जात होती, असं चौकशीत आढळलं. मेल आला म्हणजे तो त्याच माणसाचा, हे संपादकांनी गृहीत धरलं होतं. आता अनेक नियतकालिकं लेख मिळाल्यावर प्रत्येक सहलेखकाला वेगळा मेल पाठवून खात्री करतात. दोन लेखकांचा आयडी एकच दिसला, तर शंका येणारच.

चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समजा, तुम्ही धाटाव एमआयडीसीतल्या कामगारांच्या किंवा पेणजवळच्या कातकरी वाडीतल्या बायकांच्या मुलाखती घेताय. 'तुमचं नाव बाहेर जाणार नाही,' असा शब्द देता आणि रेकॉर्डिंग घरच्या सामाईक खात्यात आपोआप सेव्ह होतं. मग ते भावाच्या फोनवरही दिसतं, काकांच्या लॅपटॉपवरही. कुणाच्या मनात वाईट नसेलही, पण तुमचा शब्द मोडला. त्यात कुणी मुकादमाविरुद्ध बोललं असेल, तर त्याची किंमत त्या माणसाला मोजावी लागते, तुम्हाला नाही.

'पण घरात फोनच एक आहे!' हरकत नाही. फोन एक असला तरी खाती वेगळी ठेवता येतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर स्वतंत्र युजर प्रोफाइल करता येतं. तेही जमत नसेल तर काम झाल्यावर लॉगआउट करा.

सुरुवात अशी करा. नाव-आडनावाचा साधा आयडी घ्या, 'कूलबॉय' वगैरे नको. तो पुढे लेखावर छापला जाणार आहे. पासवर्ड फक्त तुम्हालाच माहीत हवा. रिकव्हरीसाठी स्वतःचा नंबर द्या आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. कॅफेत बसलात तर 'सेव्ह पासवर्ड'ला नाही म्हणा. कॉलेजने दिलेला मेल कॉलेज संपल्यावर बंद होऊ शकतो, म्हणून ऑर्किडला वैयक्तिक मेलसुद्धा जोडून ठेवा. आणि जुन्या अर्जांत कुणाकुणाचे आयडी दिलेत, त्याची यादी करून जिथे जमेल तिथे आत्ताच बदलून घ्या. ऐन अर्जाच्या शेवटच्या दिवशी ओटीपीसाठी कुणाला फोन लावत बसायची वेळ नको.